नाट्यगृहासाठी लाईट कन्सोल निवडताना: आधी माणसं, मग दिवे, मग वायरिंग, शेवटी बोर्ड

नाट्यगृह नवं बांधायचं असो किंवा जुनं दुरुस्त करायचं असो, खरेदीच्या यादीत खुर्च्या, पडदे आणि वातानुकूलन यांना पानंच्या पानं मिळतात. प्रकाशयोजनेच्या भागात मात्र बहुतेक वेळा एकच ओळ असते: ‘लाईट कन्सोल – १ नग’. कन्सोल म्हणजे रंगमंचावरचे सगळे दिवे जिथून हाताळले जातात तो बोर्ड. त्या एका ओळीवर पुढची कित्येक वर्षं त्या रंगमंचावरचा प्रत्येक अंधार आणि प्रत्येक उजेड अवलंबून असतो.

शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडलं. नाट्यगृहात नेमकं काय असावं, हा प्रश्न तेव्हापासून कोल्हापुरातल्या प्रत्येक रंगकर्मीच्या जिव्हाळ्याचा झाला आहे. महाविद्यालयांची सभागृहं, संस्थांचे छोटे रंगमंच, शाळांची बहुउद्देशीय सभागृहं इथेही आज ना उद्या हीच खरेदी होणार. ज्यांच्या सहीने ती होते, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या शेजारी बसून सल्ला देणाऱ्या नाटकवाल्यांसाठी हा लेख आहे.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर: कन्सोल सगळ्यात शेवटी निवडा. आधी त्यावर बसणारी माणसं बघा, मग दिवे मोजा, मग भिंतीतली वायर तपासा. एवढं केलंत की कुठला बोर्ड घ्यायचा, हे जवळजवळ आपोआप ठरतं.

बोर्डावर कोण बसणार?

आपल्याकडचं नाट्यगृह हे पाहुण्यांचं घर असतं. आज मुंबईचं व्यावसायिक नाटक, उद्या भरतनाट्यमच्या क्लासचं अरंगेत्रम, परवा शाळेचं स्नेहसंमेलन, मग एखादा लावणीचा नाहीतर ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम. हौशी राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र असेल तर रोज नवी संस्था, नवं नेपथ्य आणि नवा प्रकाशयोजनाकार. सकाळी सेट लागतो, दुपारी लाईट लागतात, संध्याकाळी तिसरी घंटा होते. या सगळ्यात बोर्ड हाताळायला मिळणारा वेळ कधी दोन तास असतो, कधी अर्धा.

म्हणून पहिली पायरी म्हणजे गेल्या वर्षीचं बुकिंगचं रजिस्टर काढा आणि कार्यक्रमांची विभागणी करा. नाटकं किती, नृत्य किती, गाण्याचे कार्यक्रम किती, भाषणं आणि सत्कार किती. प्रत्येक प्रकाराची गरज वेगळी आहे. नाटकाला ठरलेले क्यू, म्हणजे आधी साठवलेले प्रकाशबदल, एकापाठोपाठ अचूक वेळेत हवे असतात. ऑर्केस्ट्राला समोर जे चाललं आहे त्यावर हाताने खेळता आलं पाहिजे. सत्कार समारंभाला तीन फेडर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायच्या सरकत्या दांड्या, पुरतात. पण ते तीन फेडर वॉचमनलासुद्धा सापडले पाहिजेत.

दुसरी गोष्ट, नेहमी येणाऱ्या चार-पाच निर्मात्यांच्या लाईट ऑपरेटरांना फोन करा. त्यांचा स्वतःचा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो, “साहेब, बोर्ड कुठला आहे तुमच्याकडे? शो फाइल घेऊन येऊ, की तिथंच सगळं करायचं?” शो फाइल म्हणजे बोर्डात साठवलेले त्या प्रयोगाचे सगळे क्यू. त्यांना कोणत्या बोर्डाची सवय आहे, ते लिहून घ्या. अतिशय उत्तम पण कुणालाच न येणारा बोर्ड घेतला, तर पाहुणा ऑपरेटर भाड्याचा बोर्ड टेम्पोत घालून आणतो आणि तुमचा बोर्ड कव्हराखाली पडून राहतो.

नाट्यगृहाचा स्वतःचा माणूस कोण, हेही याच वेळी ठरवा. कायमचा तंत्रज्ञ असेल तर थोडा अवघड बोर्ड चालेल. वायरमनच लाईट बघणार असेल, तर साधा, फेडर भरपूर असलेला बोर्डच घ्या.

दिव्यांची आणि चॅनेलची मोजणी

कन्सोल दिव्याला वीज देत नाही. तो फक्त आकडे पाठवतो, आणि ते आकडे पाठवायची पद्धत म्हणजे डीएमएक्स ५१२. अमेरिकेत १९८६ साली ही पद्धत ठरली. आज कुठल्याही कंपनीचा बोर्ड कुठल्याही कंपनीच्या दिव्याशी बोलतो, ते या एका पद्धतीमुळे. एका केबलमधून ५१२ चॅनेल जातात आणि प्रत्येक चॅनेलची किंमत ० ते २५५ असते. या ५१२ चॅनेलच्या संचाला युनिव्हर्स म्हणतात.

जुन्या पद्धतीच्या दिव्याला, म्हणजे हॅलोजनच्या फ्रेनेल, प्रोफाइल किंवा पार कॅनला, डिमरवरचा, म्हणजे दिव्याची वीज कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावरचा, एक चॅनेल पुरतो. एलईडी पारला लाल, हिरवा, निळा, पांढरा, प्रखरता, स्ट्रोब असे मिळून सात-आठ लागतात. मूव्हिंग हेडला, म्हणजे बोर्डावरून फिरवता येणाऱ्या दिव्याला, वीस-पंचवीस सहज. मध्यम आकाराच्या रंगमंचाचं गणित मांडून बघू:

डिमरचे २४ चॅनेल. एलईडी पार १६, प्रत्येकी ८, म्हणजे १२८. सायक्लोरामासाठी, म्हणजे रंगमंचाच्या मागच्या पडद्यासाठी, एलईडी बॅटन ८, प्रत्येकी १२, म्हणजे ९६. मूव्हिंग हेड ६, प्रत्येकी २४, म्हणजे १४४. धुक्याच्या यंत्राला २. बेरीज ३९४.

एका युनिव्हर्समध्ये हे बसतं आणि ११८ चॅनेल उरतात. विक्रेता म्हणेल, एक युनिव्हर्स भरपूर झालं. पण एखादा कार्यक्रम स्वतःचे आणखी सहा मूव्हिंग हेड घेऊन आला, की त्याला १४४ चॅनेल लागणार आणि जागा पुरणार नाही. शिवाय हॅलोजन दिवे हळूहळू जाऊन त्यांच्या जागी एलईडी येणार, म्हणजे एका चॅनेलच्या जागी आठ-दहा लागणार. म्हणून आजच्या बेरजेच्या दुप्पट क्षमता धरा. मध्यम नाट्यगृहाला किमान दोन युनिव्हर्स, आणि चार मिळत असतील तर उत्तम.

इथे विक्रेत्याला एक नेमका प्रश्न विचारायचा: बोर्ड किती चॅनेल हाताळतो आणि किती दिवे हाताळतो? काही छोट्या बोर्डांत चॅनेल ५१२ असतात, पण स्वतंत्र दिवे मात्र बारा किंवा चोवीसच नोंदवता येतात, आणि प्रत्येक दिव्याला ठरावीक चॅनेलच मिळतात. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात ‘५१२’ छापलेलं असतं. दिव्यांचा आकडा आत कुठेतरी बारीक अक्षरात सापडतो.

भिंतीतली वायर

हा भाग कंटाळवाणा वाटतो आणि म्हणूनच राहून जातो. पण दिवे लुकलुकतात, मध्येच एखादा स्पॉट आपोआप पेटतो, मूव्हिंग हेड झटके देतं, अशा तक्रारींत कन्सोल क्वचित दोषी असतो. बहुतेक वेळा दोष केबलमध्ये असतो.

डीएमएक्सची केबल म्हणजे माइकची केबल नव्हे. दोन्हीच्या टोकाला सारखाच एक्सएलआर जोड दिसतो, म्हणून सर्रास माइकची वायर लावली जाते. डीएमएक्सला १२० ओहमच्या आसपासची, डेटासाठी बनवलेली, पिळाची केबल लागते. डीएमएक्सच्या मानकात पाच पिनचा जोड सांगितला आहे. स्वस्त दिव्यांवर तीन पिनचा येतो, त्यामुळे दोन्हींना जोडणारे तुकडे साठ्यात हवेतच. दिवे एकामागून एक साखळीत जोडायचे. मध्येच वाय-आकाराचा जोड देऊन दोन फाटे फोडायचे नाहीत. एका साखळीत जास्तीत जास्त ३२ उपकरणं. शेवटच्या दिव्यावर १२० ओहमचा टर्मिनेटर. फाटे हवेच असतील तर स्प्लिटर घ्या, तोही विद्युतदृष्ट्या वेगळा करणारा, म्हणजे ऑप्टो-आयसोलेटेड. एखाद्या दिव्यात बिघाड होऊन मेनचा दाब डेटाच्या वायरवर आला, तर स्प्लिटर जळतो आणि कन्सोल वाचतो.

नवं काम असेल तर नियंत्रण कक्षापासून रंगमंच, वरचे बार आणि प्रेक्षागृहातला पुढचा बार या तिन्ही ठिकाणी कॅट-६ केबल आजच टाकून घ्या, प्रत्येकी दोन. आर्ट-नेट आणि एसएसीएन या पद्धतींनी एकाच नेटवर्क केबलमधून अनेक युनिव्हर्स जातात. आज वापर नसला तरी हरकत नाही. भिंतींना रंग दिल्यावर पुन्हा चर खोदणं कुणालाच परवडत नाही. आणि वायर लोखंडी किंवा मजबूत पाइपातूनच न्या. आपल्याकडची नाट्यगृहं उंदरांनाही आवडतात.

आता विजेचं. एक किलोवॉटचे २४ दिवे म्हणजे २४ किलोवॉट. तीन फेजवर सारखे वाटले तर प्रत्येक फेजवर ८ किलोवॉट, म्हणजे २३० व्होल्टला जवळपास ३५ अँपिअर. थायरिस्टर डिमर अर्ध्यावर चालतात तेव्हा तिन्ही फेजचे काही विकृत प्रवाह एकमेकांना रद्द न करता न्यूट्रलमध्ये जमा होतात. त्यामुळे डिमरच्या लाइनचा न्यूट्रल फेजपेक्षा बारीक कधीच नसावा, जाडच असावा. हे परवानाधारक विद्युत अभियंत्याकडून लेखी तपासून घ्या. न्यूट्रल तापणं ही जुन्या इमारतीत आगीला आमंत्रण देणारी गोष्ट आहे आणि त्यात तडजोड नको.

एलईडी दिवे आणि मूव्हिंग हेड डिमरच्या सॉकेटवर लावू नयेत. फेडर पूर्ण वर ठेवला तरी नाही. त्यांना थेट वीज देणारे वेगळे सॉकेट हवेत, आणि दोन्ही सॉकेट वेगळ्या रंगाने रंगवून ठेवावेत. प्रेक्षागृहातले दिवे आणि बाहेर पडण्याच्या मार्गावरचे दिवे फक्त कन्सोलच्या भरवशावर ठेवू नयेत. त्यांना भिंतीवर स्वतंत्र बटण हवं, आणि आणीबाणीचे दिवे तर वेगळ्याच लाइनवर.

आता बोर्डाचा प्रकार

बाजारात ढोबळमानाने चार प्रकार दिसतात. पहिला, साधा फेडर बोर्ड: बारा किंवा चोवीस फेडरच्या दोन रांगा, एकीत चालू दृश्य, दुसरीत पुढचं. छोट्या सभागृहात, जिथे फक्त डिमरवरचे दिवे आहेत, तिथे आजही हा उत्तम आहे, आणि शिकणाऱ्यांसाठी यासारखा गुरू नाही. दुसरा, डीजेच्या कामासाठी बनलेले स्वस्त डीएमएक्स बोर्ड. त्यांत दृश्य साठवता येतं, पण हळूहळू उतरणारा फेड नीट मिळत नाही. नाटकासाठी ते घेऊ नका. तिसरा प्रकार क्यूवर चालणाऱ्या कन्सोलचा. आणि चौथा, संगणकावरचं सॉफ्टवेअर आणि सोबत फेडरची जोडपट्टी, म्हणजे विंग.

तिसऱ्या प्रकारातच खरा विचार करावा लागतो. ईटीसीची ईऑस मालिका नाटकाच्या क्यू-याद्या डोळ्यांपुढे ठेवून घडवली आहे. ॲव्होलाइट्सचे टायटनवर चालणारे बोर्ड हातावर खेळणाऱ्या कार्यक्रमांत लोकप्रिय आहेत आणि मूव्हिंग लाईट भाड्याने देणाऱ्यांना त्यांची सवय असते. एमए लायटिंगचा ग्रँडएमए३ मोठे कन्सर्ट आणि टीव्हीच्या कामात दिसतो. कॅमसिसचे मॅजिकक्यू दोन्हीकडे चालतात. यांतला कुठलाही बोर्ड नाटकही करतो आणि गाण्याचा कार्यक्रमही. फरक पडतो तो कुठली गोष्ट हाताला सहज सापडते यात. बुकिंगच्या रजिस्टरवर नाटकं निम्म्याहून जास्त असतील, तर क्यू-यादी आणि मोठं ‘गो’ बटण हाताशी असलेला बोर्ड घ्या. ऑर्केस्ट्रा आणि नृत्य जास्त असेल, तर साठवलेली दृश्यं हाताने चालवायचे प्लेबॅक फेडर जास्त असलेला.

काही शब्द खरेदीपूर्वी समजून घ्यायलाच हवेत, कारण प्रात्यक्षिकात तेच वापरले जातात. एचटीपी म्हणजे एकाच दिव्याला दोन फेडर लागले असतील तर जास्त किमतीचा जिंकतो. प्रखरतेसाठी हे सोयीचं. एलटीपी म्हणजे शेवटचा आदेश जिंकतो. रंग आणि दिशा याच नियमाने चालतात.

तिसरा शब्द ट्रॅकिंग, आणि हा नाटकवाल्यांच्या फार उपयोगाचा. समजा दुसऱ्या अंकात क्यू १२ ला खिडकीतून चांदणं आणलं आणि क्यू २० ला ते जातं. ट्रॅकिंग असलेल्या बोर्डात चांदण्याची किंमत १२ मध्ये एकदाच लिहिलेली असते आणि २० पर्यंत वाहत राहते. रंगीत तालमीत दिग्दर्शक म्हणाला, “चांदणं जरा कमी कर,” तर फक्त क्यू १२ बदलायचा. मधले सात क्यू आपोआप बदलतात. ट्रॅकिंग नसलेल्या बोर्डात प्रत्येक क्यू सुट्टा असतो आणि सातही हाताने बदलावे लागतात. उलट कधी एकाच क्यूपुरता बदल हवा असतो, तेव्हा ‘क्यू ओन्ली’ लागतं. चांगल्या नाट्य-कन्सोलमध्ये दोन्ही असतात. विक्रेत्याला हे करून दाखवायला सांगा. नुसतं “आहे, आहे” ऐकून पुढे जाऊ नका.

आणखी एक सोय आपल्या नाट्यगृहांत विशेष उपयोगी आहे. तिचं नाव आरडीएम. त्यामुळे दिव्याचा पत्ता, म्हणजे तो कितव्या चॅनेलपासून सुरू होतो तो आकडा, कन्सोलवर बसूनच बदलता येतो. जिथे वर चालायला कॅटवॉक नाही आणि प्रत्येक दिव्यासाठी उंच शिडी लावावी लागते, तिथे यामुळे वेळही वाचतो आणि माणूसही सुरक्षित राहतो. मात्र दिवे आणि मधला स्प्लिटर, दोघांनाही आरडीएम समजलं पाहिजे. नाहीतर कन्सोलमधली सोय तशीच पडून राहील.

संगणकावरच्या पर्यायाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. महाविद्यालयाच्या नाट्यविभागाला तो फार चांगला. कायम भाड्याने जाणाऱ्या नाट्यगृहाला मुख्य बोर्ड म्हणून नको, कारण तो संगणक कुणीतरी कार्यालयात नेतं, त्यात पेनड्राइव्हमधून व्हायरस येतो आणि प्रयोगाच्या मध्येच अपडेट सुरू होतं. शिकण्यासाठी मात्र ईऑस, ग्रँडएमए३ आणि मॅजिकक्यू यांची संगणकावर चालणारी सॉफ्टवेअर मोफत उतरवून घेता येतात, आणि क्यूएलसी प्लस हे मुक्त सॉफ्टवेअरही आहे. खरेदी समितीतल्या एखाद्या तरुण सभासदाला ही चारही महिनाभर वापरायला द्या. निविदेचा मसुदा लिहिताना त्याचा सल्ला सोन्याच्या मोलाचा ठरेल.

प्रात्यक्षिक तुमच्याच रंगमंचावर

दुकानातल्या टेबलावर सगळे बोर्ड छान दिसतात. निवडक दोन-तीन बोर्ड आपल्याच नाट्यगृहात, आपल्याच दिव्यांवर लावून दाखवायला सांगा आणि या चाचण्या घ्या.

सगळे दिवे पूर्ण प्रखरतेवरून साठ सेकंदांत शून्यावर आणा आणि शेवटचे दहा सेकंद नीट बघा. आठ बिटच्या चॅनेलमध्ये २५६ पायऱ्याच असतात. साठ सेकंदांत त्या सेकंदाला साधारण चार पडतात. हॅलोजनची तार हळू थंड होते, त्यामुळे तिथे पायऱ्या जाणवत नाहीत. एलईडी मात्र खालच्या टोकाला टप्प्याटप्प्याने उतरताना दिसतो. नायिका एकटी उभी आहे, संवाद संपला आहे, आणि उजेड झटक्यांनी विझतो आहे, असं होऊन चालणार नाही. दिवा सोळा बिटवर चालवता आला तर ६५,५३६ पायऱ्या मिळतात; बोर्ड आणि दिवा दोघांनाही ते जमतं का, ते पाहा.

नवख्या माणसाला बसवा. ज्याने हा बोर्ड कधी पाहिला नाही अशा हौशी ऑपरेटरला अर्धा तास समजावून सांगा आणि मग दहा क्यूचं छोटं दृश्य करायला लावा. तो कुठे अडतो, ते लिहा.

तुमच्या साठ्यातल्या प्रत्येक दिव्याचं नाव बोर्डाच्या यादीत आहे का, ते शोधा. स्थानिक बाजारातले बिननावाचे एलईडी दिवे तिथे नसतातच. मग त्यांचा तपशील हाताने किती सहज भरता येतो, ते बघा.

प्रेक्षागृह पूर्ण अंधारात न्या. पडद्याचा उजेड ऑपरेटरच्या तोंडावर आणि मागच्या रांगेवर किती पडतो? बटणं दिसतात का? बटणांचा खट्‌ आवाज शेवटच्या रांगेत ऐकू येतो का?

मग चालू बोर्डाची वीज काढा. बंद पडलेला बोर्ड पुन्हा सुरू होऊन त्याच क्यूवर यायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून मोजा. आजचे कन्सोल आतून संगणकच आहेत, त्यामुळे काही मिनिटंही लागू शकतात. प्रयोगात ती मिनिटं फार मोठी असतात. म्हणून कन्सोल, त्याचा पडदा, नेटवर्क स्विच आणि स्प्लिटर या सगळ्यांना मिळून ऑनलाइन यूपीएस हवाच. जनरेटर सुरू होईपर्यंतचा खंड त्यावर निभतो. डिमर यूपीएसवर घ्यायचे नाहीत.

निविदा आणि दुरुस्ती

पालिका किंवा अनुदानित संस्था असेल तर निविदेत कंपनीचं नाव लिहिण्यापेक्षा गरज लिहा: किती युनिव्हर्स, किती दिवे, किती प्लेबॅक फेडर, ट्रॅकिंग आणि क्यू ओन्ली दोन्ही, आरडीएम, आर्ट-नेट व एसएसीएन, शो फाइल पेनड्राइव्हवर घेण्याची सोय. सोबत अधिकृत विक्रेत्याचं पत्र मागा. नामांकित बोर्डांच्या हुबेहूब नकला बाजारात मिळतात. त्यांना सॉफ्टवेअरचं अपडेट मिळत नाही आणि बिघडल्यावर मूळ कंपनी हात लावत नाही. अनुक्रमांक मूळ कंपनीकडून पडताळून मगच पैसे द्या.

दुरुस्ती कुठे होते, हा प्रश्न किमतीइतकाच महत्त्वाचा. बोर्ड मुंबईला किंवा परदेशी पाठवावा लागत असेल, तर तेवढ्या काळात बदली बोर्ड कोण देणार, हे करारात लिहून घ्या. एक साधा फेडर बोर्ड संकटकाळासाठी कपाटात ठेवा. मुख्य बोर्ड बंद पडला तरी निदान डिमरवरचे दिवे चालतील आणि प्रयोग पार पडेल. फेडर ही झिजणारी वस्तू आहे, त्यामुळे सुटे फेडर बोर्डासोबतच विकत घ्या.

आपल्या पावसाळ्याचाही विचार हवा. जून ते सप्टेंबर हवेत ओल असते, आणि महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या बोर्डाचे जोड काळे पडतात. कार्यक्रम नसला तरी आठवड्यातून एकदा तासभर बोर्ड चालू ठेवा. डिमर आणि स्प्लिटर तळघरात ठेवू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं, ते शहराला ठाऊक आहे.

शेवटची रक्कम प्रशिक्षणानंतरच द्यावी, अशी अट घाला. प्रशिक्षण दोन टप्प्यांत घ्या: एक बोर्ड बसवल्यावर लगेच, दुसरं दोन-तीन महिन्यांनी, कारण खरे प्रश्न वापरल्यावरच पडतात. पहिल्या टप्प्यात नाट्यगृहाची स्वतःची ‘हाऊस फाइल’ तयार करून घ्या. तीत सगळे दिवे पॅच केलेले, म्हणजे आपापल्या पत्त्यासह बोर्डावर नोंदवलेले, असावेत आणि पहिल्या काही फेडरवर जनरल, सायक्लोरामा आणि व्यासपीठाचा उजेड असावा. कार्यक्रम कुणाचाही असो, सुरुवात त्याच फाइलने होईल आणि शेवटी बोर्ड तिच्यावरच परत येईल. या फाइलच्या दोन प्रती पेनड्राइव्हवर घेऊन एक नियंत्रण कक्षात आणि एक व्यवस्थापकाच्या कपाटात ठेवा. पॅचचा तक्ता मराठीत छापून, लॅमिनेट करून बोर्डाच्या वरच्या भिंतीवर लावा: कुठल्या बारवर कुठला दिवा, त्याचा पत्ता काय, तो डिमरवर आहे की थेट विजेवर. दिवा हलवला की तक्त्यावर त्याच दिवशी दुरुस्ती करायची आणि खाली तारीख घालून सही करायची.